भीमाची बोटं : अण्णाभाऊ साठे आणि दारिद्र्याचा प्रश्न



मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागापाशी थांबलो होतो. तिथे वादळात सापडलेलं एक जहाज आहे. जहाज बुडू नये म्हणून त्यावरचे लोक माल समुद्रात फेकून देतात. ॲरिस्टॉटल विचारतो, हे त्यांनी स्वेच्छेनं केलं की नाइलाजानं? धड डोक्याचा कुणी माणूस हौसेनं आपला माल पाण्यात टाकणार नाही. पण टाकणारे हात त्याचेच असतात, कुणी ते धरून हलवलेले नसतात. म्हणून तो म्हणतो, अशी कृत्यं मिश्र असतात, आणि त्यातल्या त्यात स्वेच्छेच्या बाजूला झुकतात. त्या उताऱ्यात आणखी एक उदाहरण आहे, त्याकडे आपण घाईघाईत दुर्लक्ष केलं. एखाद्या जुलमी राजानं तुमचे आईबाप आणि मुलंबाळं ताब्यात ठेवली आणि तुम्हाला एक लाजिरवाणं काम करायला सांगितलं. केलंत तर ते वाचतील, नाही केलंत तर मरतील. आता काय करायचं?

त्यानंतर दोघातिघांनी आम्हाला लिहिलं की असल्या राजांची आणि जहाजांची उदाहरणं ऐकायला बरी वाटतात, पण आपल्या इकडचं काही सांगा. रास्त मागणी आहे. म्हणून आज ते जहाज आपण मुंबईच्या उपनगरातल्या एका दगडाच्या खाणीपाशी आणून उभं करणार आहोत. खाण आहे अण्णाभाऊ साठ्यांच्या एका कथेतली. मराठीच्या प्राध्यापकांच्या वावरात आम्ही शिरतो आहोत, त्याबद्दल त्यांची माफी आधीच मागतो. साहित्याची समीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण दारिद्र्य म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाही आहे, आणि त्यावर मराठीत ज्या माणसानं सर्वांत नेटानं विचार केला तो विद्यापीठात कधी शिकलेला नव्हता.

आधी थोडं चरित्र. तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, आजचा सांगली जिल्हा. मातंग समाजात जन्म. शाळा दीड दिवसाची, असं सगळीकडे सांगितलं जातं. वडील मुंबईत माळीकाम करायचे. १९३० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत सगळं कुटुंब गाव सोडून मुंबईला निघालं आणि निघालं ते पायी. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचं, त्यावर पोट भरायचं, पुढे चालायचं. मुंबईत भायखळा, मग माटुंग्याचा लेबर कॅम्प, पुढे घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी. हमाली केली, फेरीवाल्यांची ओझी वाहिली, गिरणीत राबले. अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत.

इथे जरा थांबतो. ही दीड दिवसाच्या शाळेची गोष्ट आता इतक्या कौतुकानं सांगितली जाते की ती ऐकून आम्हाला अलीकडे अस्वस्थ व्हायला होतं. शाळा नव्हती तरी एवढं लिहिलं, असं आपण म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. जणू शाळा नसणं हा त्यांच्या प्रतिभेचा दागिना होता! त्यांच्या बरोबरीची वाटेगावातली आणखी किती पोरं त्या शाळेच्या दारातून परत फिरली असतील, त्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. एकाच्या पराक्रमानं बाकीच्यांच्या हक्काचा प्रश्न झाकला जातो. आम्ही स्वतः अनेक वर्षं वर्गात ही गोष्ट त्याच थाटात सांगत आलो, हेही कबूल करतो.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला. १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा लिहिला आणि तो गाजला. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तिघांपैकी कुणाच्या पाठीशी संस्थान नव्हतं की नाटक कंपनी नव्हती. ढोलकी, तुणतुणं, डफ, चार साथीदार आणि समोर दिवसपाळी संपवून आलेले कामगार, एवढंच भांडवल.

या मंचाविषयी आपल्याला नीट बोललं पाहिजे, कारण अण्णाभाऊ आधी कलावंत आणि मग लेखक झाले. तमाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे, आधी गण होतो, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. अण्णाभाऊंनी काय केलं? गणातलं वंदन मातृभूमीकडे, हुतात्म्यांकडे, राबणाऱ्यांकडे वळवलं. गौळण काढून टाकली. वगात मात्र सोंगाड्या राहिला, त्याची तिरकी जीभ राहिली, ढोलकी राहिली. सांगाडा ओळखीचा, आतला माणूस नवा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा हाच प्रकार लोकनाट्य या नावानं पुढे चालला. नाव बदललं की सरकारी कागदावर वस्तू बदलते, ही गंमत तेव्हाही होती.

‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचं इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही त्यांच्या वगांची नावं नुसती वाचलीत तरी कळेल की इथे विषमतेला चेहरा आहे. सावकार आहे, शेटजी आहे, पुढारी आहे. विषमता हा तसा हातात न येणारा शब्द. कुणी सांगितलं की संपत्तीचं वाटप असमान आहे, तर तुम्ही मान डोलावता आणि चहा घ्यायला उठता. पण शेटजी मते मागायला झोपडीत वाकून शिरतो आणि सोंगाड्या त्याला एक साधा प्रश्न विचारतो, तेव्हा हजार माणसं हसतात. तो शेटजी त्यांनी पाहिलेला असतो आणि त्याला हसता येतं हे मात्र त्यांना आत्ताच कळलेलं असतं. आम्ही लहानपणी गावच्या जत्रेत असं हसू ऐकलं आहे. ते गंमत वाटल्याचं हसू नसतं. त्यात मानेवरचं काहीतरी क्षणभर उतरल्याचा आवाज असतो.

‘मुंबईची लावणी’ घ्या. मुंबईवर आधी पठ्ठे बापूरावांचीही लावणी होती. शहराची शोभा पाहून हरखलेल्या डोळ्यांची ती लावणी. अण्णाभाऊंनी त्याच शहरावर लावणी लिहिली आणि उंचावरची वस्ती आणि खालची वस्ती शेजारी शेजारी ठेवली. त्यांची मुंबई एक नाहीच, दोन आहेत आणि एकीच्या घामावर दुसरी उभी आहे. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड तर तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचा विरह असं ती सुरू होते आणि बघता बघता ती मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग होते. एका गड्याचं दुःख सगळ्या सभेचं करून टाकायचं, ही शाहिराची ताकद.

पण नेमकी हीच त्या मंचाची मर्यादाही आहे, असं आम्हाला वाटतं. मंचावर कुणी एकटं नसतं. तिथलं दारिद्र्य अनेकवचनी असतं, ‘आपण’ असतं. शत्रू समोर असतो, साथीला कोरस असतो आणि वग संपताना वाट सापडते. ती सापडायलाच हवी, कारण सकाळी त्या माणसांना पाळीवर जायचं असतं. पण रात्री घरी गेल्यावर, दिवा विझल्यावर, चुलीत काही नसताना जागा असलेला जो एकटा माणूस आहे, त्याच्या डोक्यात काय चालतं? त्याच्यासमोर शेटजी नसतो. कोरस नसतो. त्याच्यासाठी अण्णाभाऊंना कागद लागला. आमच्या मते त्यांच्या कथांचं महत्त्व इथे आहे आणि ‘स्मशानातील सोनं’ ही त्यातली सर्वांत कठोर कथा आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भीमा हा वारणेकाठचा गडी. अंगानं दांडगा, पैलवानाला शोभेल असा. गावात काम नाही म्हणून मुंबईला येतो, उपनगरात रानाच्या कडेच्या वस्तीत राहतो. बायको आहे, जिवापाड लाडकी मुलगी आहे. दगडाच्या खाणीत त्याला काम मिळतं. पहारीनं दगड फोडतो, घरात भाकरी येते, संसार सुखाचा असतो. आणि एक दिवस खाण बंद पडते. का बंद पडली, हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. काम शोधत फिरताना वाटेत त्याला जळालेल्या चितेची राख दिसते आणि त्या राखेत सोनं सापडतं. मेलेल्याच्या अंगावर राहून गेलेलं. मग तो नदीकाठच्या राखा चाळायला लागतो. राखेनं भागेना, तेव्हा पुरलेली प्रेतं उकरायला लागतो. बायको नको म्हणते. तो ऐकत नाही. जिवंत माणसाला जगण्यापुरतंही मिळत नाही आणि मेलेला सोनं घेऊन जातो, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. एका रात्री शेजारच्या गावच्या सावकाराचं प्रेत उकरायला तो जातो. तिथे त्याच प्रेतावर कोल्हे आलेले असतात. माणूस आणि कोल्हे यांची झुंज होते. एका मढ्यासाठी. तो कोल्ह्यांना हटवतो, पहारीनं प्रेताचा जबडा उघडतो, आत बोटं घालतो, आणि पहार निघून जबडा बंद होतो. बोटं आत अडकतात. कसाबसा तो सुटतो, पळतो, पण डॉक्टरला बोटं कापावी लागतात. आणि तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

बस्स. कथा तिथे संपते. तो धिप्पाड माणूस पोरासारखा रडतो.

आता आम्ही ही कथा पहिल्यांदा वर्गात कशी शिकवली ते सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही एका सांध्य महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवत होतो. संध्याकाळी सहानंतर वर्ग भरायचे, मुलं दिवसभर कुठे ना कुठे कामाला जाऊन यायची. कुणी कारकून, कुणी दुकानात, कुणी कारखान्यात. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी त्याची झळ होती. त्या सत्रात कर्म आणि फल हा भाग होता. उदाहरण म्हणून आम्ही ही कथा घेतली. मोठ्या ऐटीत सांगितलं की पाहा, लेखकानं किती अचूक न्याय केला आहे. ज्या बोटांनी मृतांची विटंबना केली, तीच बोटं गेली. मृतानंच ती धरली. अपराध आणि शिक्षा यांचा असा तंतोतंत जोड साहित्यात क्वचित दिसतो, वगैरे वगैरे.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो दिवसा एका लहानशा वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करायचा, पत्र्याचे तुकडे छापायचं काम. सहसा बोलत नसे.

“सर, ही शिक्षा नाही,” तो म्हणाला. “हा अपघात आहे. कामावर झालेला.”

आम्ही जरा हसूनच विचारलं, “मढी उकरणं म्हणजे काम?”

“सर, तो रात्रभर खणत होता,” तो म्हणाला. “पहार तीच होती. खाणीत असताना बोटं गेली असती तर तुम्ही शिक्षा म्हणाला नसता. भरपाई किती मिळाली, असं विचारलं असतं.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. वेळ झाली असं सांगून आम्ही वर्ग सोडला. घरी जाताना लोकलमध्ये उभ्याउभ्या लक्षात आलं की त्या मुलानं एका वाक्यात आमची सगळी मांडणी उलटी केली होती. आम्ही बोटांकडे पाप करणारा अवयव म्हणून पाहत होतो. तो त्यांच्याकडे मजुरी कमावणारा अवयव म्हणून पाहत होता. प्रेसवर रोज हात घालणाऱ्याला बोटांचा भाव माहीत असतो.

आणि तो भाव खरोखर ठरलेला आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा काढला. त्याला एक परिशिष्ट होतं. कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असं मानायचं, त्याचा तक्ता. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. आधी हा तक्ता वाचून आमच्या अंगावर काटा आला. माणसाचे असे टक्के करायचे? पण नंतर वाटलं, यात एक सभ्यताही आहे. कायदा इथे काही गोष्टी मान्य करतो. शरीर हेच या माणसाचं भांडवल आहे, ते दुसऱ्याच्या कामात झिजतं, आणि गेलं तर कुणीतरी देणं लागतं. ‘कुणीतरी देणं लागतं’ हे त्यातलं खरं महत्त्वाचं.

भीमाचं देणं कोण लागतं? खाणमालक? त्याच्या हजेरीपटावरून भीमाचं नाव आधीच उतरलेलं. सरकार? तो तर पोलिसांच्या नजरेत गुन्हेगार. काम तेच, पहार तीच, भूक तीच. फक्त मालक नाही, म्हणून भरपाई नाही आणि उलट तुरुंगाची भीती. विषमता म्हणजे कुणाकडे जास्त पैसे आणि कुणाकडे कमी, एवढंच आपण धरून चालतो. ही कथा सांगते की धोक्याचंही वाटप होत असतं. खाण बंद करण्याचा निर्णय एकाचा, त्या निर्णयाची जोखीम दुसऱ्याची. आणि जोखीम उचलणाऱ्याला निर्णयाची खबरही शेवटी मिळते.

समीक्षकांचा एक आक्षेप आहे, तो इथे घेतो. म्हणतात, नेमकी त्याच वेळी खाण सुरू व्हावी हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, लेखकानं वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी केलेली युक्ती आहे. अण्णाभाऊंच्या लेखनात अशा युक्त्या आहेत, हे आम्ही नाकारत नाही. त्यांचे नायक फार देखणे, फार बळकट असतात. प्रसंग टोकाला जातात. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, त्यांतल्या काही घाईत लिहिल्यासारख्या वाटतात आणि असतीलही. पोटासाठी लिहिणाऱ्या माणसाला पुनर्लेखनाची चैन परवडत नाही. सिनेमासाठी उचललेल्या कथा आणि मूळ कथा यांच्याविषयी बोलायचं तर वेगळं व्याख्यान लागेल. पण या शेवटाबद्दल आम्ही समीक्षकांशी सहमत नाही. ज्याला महिन्याचा पगार मिळतो त्याला तो योगायोग वाटतो. रोजंदारीवरच्या माणसाला काम असंच बंद होतं आणि असंच सुरू होतं. त्याला ते पावसासारखं असतं. आपला तो विद्यार्थी या शेवटावर एकदाही ‘असं कसं होईल’ म्हणाला नाही.

आता पुन्हा ॲरिस्टॉटलकडे. जहाजावरच्या माणसानं माल फेकला, भीमानं प्रेत उकरलं. दोन्ही मिश्र कृत्यं, असं म्हणून सुटता येईल का? आम्हाला तीन फरक दिसतात. जहाजावरच्या माणसाकडे फेकायला माल होता, म्हणजे जीव आणि नाश यांच्या मध्ये काहीतरी होतं. भीमाकडे मध्ये काही नव्हतं, फक्त शरीर होतं. दुसरं, वादळ कुणी आणलेलं नसतं, खाण कुणीतरी बंद केलेली असते. म्हणून वादळापेक्षा त्या जुलमी राजाचं उदाहरण जवळचं आहे. पण तो राजा निदान समोर उभा राहून हुकूम देतो. भीमाच्या पोरीला ओलीस धरणारा कोण, हे कथेत कुठेच दिसत नाही, आणि वगातल्या शेटजीला चेहरा देणाऱ्या याच लेखकानं इथे तो मुद्दाम दाखवलेला नाही. तिसरा फरक आमच्या मते सर्वांत मोठा. वादळ शमल्यावर जहाजवाला पुन्हा पहिल्यासारखा होतो. थोडा गरीब, पण तोच. भीमा तोच राहत नाही. चांगले दिवस परत आले तेव्हा ते घ्यायला लागणारी बोटंच त्याच्याकडे उरलेली नाहीत. दारिद्र्य ही तात्पुरती अडचण आहे, ती दूर झाली की माणूस जिथून सुटला तिथून पुढे चालू लागतो, असं आपण समजतो. अनेक सरकारी योजनाही तसंच समजून आखलेल्या दिसतात. काम दिलं की झालं. पण दारिद्र्यानं मधल्या काळात काय कापून नेलं, याची मोजदाद कोण करतो?

ॲडम स्मिथनं १७७६ च्या आपल्या ग्रंथात तागाच्या सदऱ्याविषयी लिहिलं आहे. ग्रीक-रोमन लोक तागाच्या कापडावाचून सुखात राहिले, पण आमच्या काळात साधा मजूरसुद्धा तसा सदरा नसेल तर चारचौघांत यायला लाजेल, म्हणून तो सदरा गरजेचाच मानला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. लाज न वाटता समाजात वावरता येणं, हीसुद्धा गरज. अमर्त्य सेन हा धागा पुढे नेतात. भीमाच्या बायकोचं ‘नको’ आम्ही आता या उजेडात वाचतो. ती पाप-पुण्याची भीती असेलच, पण उद्या वस्तीत मान वर करून चालता येणार नाही ही धास्तीही त्यात आहे. पोट भरण्यासाठी मान गहाण टाकायची की मानेसाठी पोट मारायचं, हा निवाडा श्रीमंताच्या घरी कधी होतच नाही.

या कथेत जात फारशी बोलत नाही. ‘फकिरा’ कादंबरीत ती बोलते. ही १९५९ ची कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. फकिरा दुष्काळात उपाशी लोकांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो. तिथे हजेरीचा जाच येतो. हे आजच्या तरुण श्रोत्यांना सांगावं लागतं. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. नोंद झालेल्या माणसानं चावडीवर जाऊन हजेरी द्यायची. काही केलं म्हणून नाही, जन्माला आला म्हणून. स्वतंत्र भारतात हा कायदा १९५२ साली रद्द झाला. भीमा भुकेमुळे गुन्ह्याकडे ढकलला जातो. फकिरा गुन्हेगार म्हणूनच जन्मतो, भूक नंतर येते. मग तुम्ही त्याला विचारणार की तू चोरी स्वेच्छेनं केलीस का? ज्याला सरकारनं आधीच चोर म्हणून लिहून ठेवलं आहे, त्याच्यापुढे ॲरिस्टॉटलचा प्रश्नच उभा राहत नाही. स्वेच्छेचा प्रश्न विचारण्याआधी समोरच्याला इच्छा आहे हे तरी मानावं लागतं.

अण्णाभाऊ मार्क्सवादी की आंबेडकरवादी, यावर बरेच वाद झडले. आम्हाला त्या वादात फार रस नाही. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन त्यांनी केलं. त्या भाषणात दलित आणि श्रमिक हे दोन शब्द त्यांनी एकाच दमात घेतले. ही पृथ्वी नागाच्या फण्यावर नव्हे तर यांच्या हातांवर उभी आहे, या आशयाचं त्यांचं ते विधान प्रसिद्ध आहे. इथेही हातच आले, पाहा. या लेखकाचा विचार हातापासून सुरू होतो.

१९६१ साली ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. १८ जुलै १९६९ रोजी गेले. एकोणपन्नास वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे होते. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो. आमच्या कोणत्याही प्राध्यापकांनी वर्गात त्यांचं नाव काढल्याचं आठवत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, त्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. चांगलं झालं. आम्हाला तेव्हाही तो वर्कशॉपमधला मुलगाच आठवला. तो पुढे बी.ए. झाला की नाही, हे आम्हाला कळलं नाही. सत्र संपायच्या आधीच तो यायचा बंद झाला होता, आणि आम्ही चौकशी केली नाही.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं आहे की सगळं खरं, पण भीमानं केलं ते चूक की बरोबर, ते स्पष्ट सांगा. ॲरिस्टॉटलही कधीतरी हात झटकतो, पण आम्ही झटकत नाही. प्रेताची विटंबना ज्याच्या नातेवाइकांना सोसावी लागली त्यांचं दुःख खरं आहे आणि ती विटंबना चूक आहे. पण भीमाला दोष देण्याचा अधिकार त्यालाच, ज्यानं खाण बंद पडल्याच्या रात्री त्याच्या घरी शेरभर जोंधळे पोचवले असते. आम्ही पोचवले नसते. म्हणून आम्ही त्याच्यावर निकाल देत नाही, आणि वर्गात एकदा दिला होता तो आज मागे घेतो.

पुढच्या वेळी स्मिथच्या सदऱ्यापासून सुरुवात करू आणि तिथून सेन यांच्या मांडणीकडे जाऊ. तोवर जमलं तर ‘बरबाद्या कंजारी’ वाचून या. त्यावरही बोलायचं आहे.